लिस्बन पायी पाहायचं, तर सकाळी टेकडीच्या माथ्यावरून निघा

लिस्बनचा जुना भाग टेकड्यांवर वसलेला आहे आणि बहुतेक प्रवासी तो खालून वर बघायला जातात. नदीकाठच्या मोठ्या चौकात उतरायचं, तिथून किल्ल्याच्या दिशेने चढायला लागायचं, अकरा वाजेपर्यंत दमून जायचं आणि उरलेलं शहर ट्रामच्या खिडकीतून बघायचं. या क्रमाने गेलं की शहर हाती लागत नाही. उलट सकाळी वाहनाने सर्वांत उंच जागी जाऊन दिवसभर उतरत आलात, तर सहा-सात किलोमीटरमध्ये जुनं लिस्बन नीट पाहून होतं.

या क्रमाचा आणखी एक फायदा आहे, तो उन्हाचा. सकाळी तुम्ही पूर्वेकडच्या टेकडीवरून पश्चिमेकडे बघता आणि संध्याकाळी पश्चिमेकडच्या टेकडीवरून पूर्वेकडे. दोन्ही वेळा सूर्य पाठीशी असतो आणि समोरचं शहर उजळलेलं दिसतं.

निघण्याआधी मनात एक तारीख पक्की धरा: १ नोव्हेंबर १७५५. त्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, चर्चमध्ये गर्दी होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. घरं कोसळल्यावर माणसं मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावली आणि थोड्याच वेळात तिथे त्सुनामीची लाट आली. मग आगी लागल्या, त्या कित्येक दिवस धुमसत राहिल्या. आजच्या लिस्बनमध्ये जे दिसतं, ते एक तर या दिवसातून वाचलेलं आहे, किंवा मोडलेलं तसंच ठेवलेलं आहे, किंवा नंतर नव्याने बांधलेलं आहे. पुढच्या वाटेवर या तिन्ही गोष्टी क्रमाने भेटतात.

दिवस कोणता निवडावा, सोबत काय घ्यावं

मंगळवार सर्वांत चांगला. राष्ट्रीय संग्रहालयं आणि पँथिऑन, म्हणजे राष्ट्रीय समाधिस्थळ, सोमवारी बंद असतात, कार्मूचं भग्न चर्च रविवारी बंद असतं, आणि फेइरा दा लाद्रा हा जुन्या वस्तूंचा बाजार मंगळवारी व शनिवारीच भरतो. शनिवारीही जमेल, फक्त गर्दी जास्त. ऋतू म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर सकाळी आठला माथ्यावर पोहोचा आणि दुपारचे दोन तास सावलीत काढायची तयारी ठेवा. डिसेंबरमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा वाट थोडी छोटी करावी लागते.

पादत्राणांबद्दल तडजोड करू नका. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या, हाताने बसवलेल्या दगडांचे आहेत. वर्षानुवर्षांच्या चालण्याने ते गुळगुळीत झालेत आणि पावसाची एक सर आली तरी उतारावर पाय घसरतो. सपाट तळव्याच्या चपला किंवा घासलेले बूट घालून ही वाट उतरू नये. खाली खोबणी असलेले रबरी सोलचे बूट हवेत.

आईवडिलांना सोबत नेणार असाल तर गुडघ्यांचा विचार आधी करा. चढाने दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उताराने, विशेषतः पायऱ्यांनी. घडीची काठी सोबत ठेवा. अल्फामा या उतारावरच्या जुन्या वस्तीच्या पायऱ्या त्यांना झेपणार नसतील तर पोर्तश दु सोलच्या चौकातून १२ नंबरच्या ट्रामने त्यांना खाली बायशा या सपाट भागात पाठवा आणि तुम्ही पायी उतरून तिथे भेटा.

मेट्रो स्थानकातल्या यंत्रातून प्रत्येकासाठी एक नावेगांत कार्ड घ्या. कार्ड अर्ध्या युरोचं असतं, त्यावर पैसे भरता येतात किंवा २४ तासांचा पास. एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही, हे घरच्या सगळ्यांना आधीच सांगा. पाण्याची बाटली रिकामी घेऊन निघालात तरी चालेल, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

माथ्यावर: सेन्योरा दु मोन्त

मार्तिम मोनिझ चौकातून ग्रासा भागात जायला २८ नंबरची ट्राम किंवा ७३४ नंबरची बस आहे. पिवळ्या २८ नंबरच्या ट्रामचं नाव जगभर झालंय, त्यामुळे नऊनंतर तिच्यासाठी लांबच लांब रांग लागते आणि आतल्या गर्दीत खिसेकापू असतात. सकाळी आठच्या आत गेलात तर बसायला जागा मिळते आणि अरुंद गल्लीतून जाताना भिंती खिडकीला अक्षरशः लागतील असं वाटतं, तो अनुभव घ्यावा. उशीर झाला तर बस घ्या. तिघं-चौघं असाल तर टॅक्सीही परवडते. रिक्षासारख्या टुकटुक उभ्या असतात, पण त्या सहलीचे दर लावतात, एका चढासाठी त्यांची गरज नाही.

या शहरात चढांवर चालणारे फ्युनिक्युलर, म्हणजे केबलने ओढले जाणारे डबेही आहेत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांपैकी ग्लोरियाचा डबा उतारावरून सुटला आणि १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर बाकीचेही तपासणीसाठी थांबवले गेले. म्हणून दिवसाचा बेत फ्युनिक्युलरवर अवलंबून ठेवू नका. खालच्या वाटेत त्यांची गरज पडत नाही.

ग्रासाच्या थांब्यावरून पाच-सात मिनिटांचा सौम्य चढ, आणि सेन्योरा दु मोन्तचा कठडा येतो. दिवसातला पायी चढायचा मोठा टप्पा एवढाच. समोर डावीकडे किल्ला, त्याच्यामागे तेझू नदी, खाली लाल कौलांचा समुद्र. इथे अर्धा तास बसा आणि पुढची वाट डोळ्यांनी आखून घ्या. किल्ल्यापलीकडच्या उतारावर अल्फामा, मधल्या खोलगट सपाटीवर बायशा, पलीकडच्या टेकडीवर शियादू आणि कार्मूचं छप्पर नसलेलं चर्च. ही रचना एकदा लक्षात आली की नकाशा फारसा लागत नाही.

परत ग्रासाच्या चर्चजवळ या, तिथल्या पाइन वृक्षांखाली कॉफी घ्या.

सांव व्हिसेंत आणि जुना बाजार

ग्रासाहून उतरत सात-आठ मिनिटांत सांव व्हिसेंत दि फोरा हा पांढरा मठ येतो. वेळ असेल तर आत जाऊन निळ्या अझुलेजू फरशा बघा आणि गच्चीवर जा. मठाच्या मागेच बाजार भरतो: जुनी भांडी, नाणी, पत्रं, फरशांचे सुटे तुकडे. इथे एक विनंती आहे. एकेकट्या जुन्या अझुलेजू विकत घेऊ नका. लिस्बनमध्ये इमारतींच्या भिंतींवरून त्या उखडून विकण्याचा प्रकार बराच काळ चालला आहे आणि आपली खरेदी त्याला खतपाणी घालते. नवी फरशी दुकानातून घ्या.

बाजाराच्या खालच्या अंगाला पांढऱ्या घुमटाचं राष्ट्रीय पँथिऑन आहे, मुळात सांता एंग्रासियाचं चर्च. १६८२ मध्ये काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं, म्हणून कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगालमध्ये या चर्चचंच नाव देतात. आत गायिका अमालिया रॉद्रिगिश यांची समाधी आहे, लोक आजही तिथे फुलं ठेवतात. शेजारच्या भागात वास्को द गामा आणि अफोन्सो द अल्बुकर्क यांची रिकामी स्मारकं आहेत. १५१० मध्ये गोवा जिंकणारा अल्बुकर्क इथे राष्ट्रीय वीरांच्या रांगेत उभा आहे. गोव्याहून किंवा सिंधुदुर्गातून आलेल्या माणसाला हे बघताना काय वाटतं, ते ज्याचं त्याने ठरवावं, पण बघावं जरूर.

सांता लुझियाची भिंत

इथून पोर्तश दु सोलकडे या. चौकातून अल्फामाची घरं थेट नदीपर्यंत उतरलेली दिसतात. फोटो काढून लोक पुढे जातात आणि शेजारी सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर असलेली अझुलेजूची दोन चित्रं बघायची राहून जातात. या वाटेवरचा माझ्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा थांबा आहे. एका चित्रात ११४७ मध्ये ख्रिस्ती सैन्याने मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, किल्ला घेतल्याचा प्रसंग आहे. दुसऱ्यात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक आहे, त्यात राजवाडा उभा आहे. हे दुसरं चित्र पाच मिनिटं नीट बघा, राजवाड्याची जागा लक्षात ठेवा. दोन-तीन तासांनी तुम्ही त्याच जागी उभे असाल.

किल्ला इथून दहा मिनिटांवर आहे. मूरांनी अकराव्या शतकात बांधलेला, पण आजच्या तटांचं रूप बऱ्याच अंशी १९३८ ते १९४० च्या डागडुजीतलं आहे. तिकीट महाग आहे, रांगही असते. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना तटावर पळायला आणि मोर बघायला मजा येते. नाहीतर मी तो वगळायला सांगेन. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या माणसाला इथे बांधकाम म्हणून नवीन फार काही सापडत नाही आणि देखावा तुम्ही सकाळी फुकट पाहिला आहे.

अल्फामा: फोन खिशात ठेवून उतरा

अल्फामा खडकावर उभा आहे, म्हणून १७५५ मध्ये तो बऱ्यापैकी टिकला. गल्ल्यांचा गुंता मूरांच्या काळापासूनचा. इथे फोनवरचा नकाशा गोंधळतो, कारण दोन घरांमधली पायवाट त्याला समजत नाही. बघायचीही गरज नाही. प्रत्येक वळणावर उताराची गल्ली धरा, शेवटी नदीच येते. वाटेत दोरीवरचे कपडे, दारातल्या कुंड्या, हाताच्या अंतरावर आलेले समोरासमोरचे सज्जे, एखाद्या आजीबाई दारात बाटली घेऊन गिंजा हे चेरीचं मद्य विकताना दिसतील. घरांची दारं गल्लीतच उघडतात, तेव्हा आवाज खाली ठेवा आणि कुणाच्या दारातला किंवा माणसाचा फोटो विचारून काढा. पर्यटकांच्या भाड्याच्या घरांमुळे इथल्या कित्येक जुन्या रहिवाशांना निघून जावं लागलं आहे, जे उरले आहेत त्यांना आपला त्रास होऊ नये.

खाली लार्गू दु शाफारीझ दि देंत्रू या चौकात फादो संगीताचं संग्रहालय आहे. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रात्री फादो ऐकायला जाणार असाल तर दोन गोष्टी: बसण्याआधी किमान खर्च किती ते विचारा, आणि गाणं सुरू असताना कुजबूजही करू नका. दिवे मंद होतात, वाढपीसुद्धा थांबतात.

जेवणाची वेळ इथेच होते. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत पाठवा, हात लावला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत. शाकाहारी लोकांनी "सें कार्न, नें पेश", म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करावं. काल्दू वेर्द या हिरव्या सूपमध्ये शोरिसू या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती असते, गोव्यातल्या चोरीसचाच हा भाऊबंद. कॅफेच्या काउंटरवर दिसणारा शामूसा म्हणजे आपला समोसाच, गोवा आणि मोझांबिकमार्गे इथे आलेला, पण आत बहुधा खिमा असतो, विचारूनच घ्या. पाश्तेल दि नाता या कस्टर्डच्या पेस्ट्रीत अंडं असतं. पूर्ण शाकाहारी आणि आपल्या चवीचं जेवण हवं असेल, तर मार्तिम मोनिझच्या आसपास दक्षिण आशियाई खानावळी आणि किराण्याची दुकानं भरपूर आहेत.

से, आल्जुबी आणि टोकदार दगडांचं घर

जेवून नदीला समांतर पश्चिमेकडे निघा. आधी थोडं वर से कॅथेड्रल लागतं, ११४७ च्या विजयानंतर बांधायला घेतलेलं, दोन जाड बुरुजांचं. समोरच आल्जुबी संग्रहालय आहे. ही हुकूमशाहीच्या काळातली राजकीय कैद्यांची तुरुंगाची इमारत. अरुंद कोठड्यांपुढे उभं राहिलं की मराठी माणसाला मोहन रानडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. गोवा मुक्तिलढ्यातल्या या सांगलीकराला लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात ठेवलं होतं. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. या संग्रहालयासाठी तासभर राखून ठेवा, घाईत बघण्यासारखं ते नाही.

खाली नदीच्या बाजूला काझा दुश बिकुश दिसेल, दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड असलेलं घर. १५२३ मध्ये ते बांधलं ब्राझ द अल्बुकर्कने, गोवा जिंकणाऱ्या अफोन्सोच्या मुलाने. आज तिथे नोबेल विजेते लेखक जोझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी आहेत.

चौक आणि बायशा

आता प्रासा दु कोमेर्सियुमध्ये या. पिवळ्या कमानींनी तीन बाजूंनी वेढलेला, चौथ्या बाजूला नदीला उघडा. सांता लुझियाच्या भिंतीवरचा राजवाडा पश्चिम बाजूला होता. भारताशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार पाहणारी काझा दा इंदिया ही कचेरीही याच परिसरात होती. मिरी, दालचिनी, कापड यांचा हिशेब इथे लिहिला जात असे. १७५५ च्या एका सकाळी राजवाडा, राजाचं ग्रंथालय, ती कचेरी आणि तिथली कागदपत्रं सगळी गेली. मधला घोड्यावरचा पुतळा राजा जोझे पहिला याचा, १७७५ मधला. शहर पुन्हा उभारण्याचं खरं श्रेय मात्र त्याचा मंत्री पोंबाल याचं आणि मानुएल दा माया, एउजेनियू दुश सांतुश, कार्लुश मार्देल या अभियंत्यांचं.

कमानीखालून रुआ आउगुश्टावर या आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींकडे मान वर करून बघा. सगळ्यांची उंची सारखी, खिडक्या सारख्या, रस्ते काटकोनात. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा आहे, उभ्या-आडव्या-तिरप्या वाशांचा, म्हणजे जमीन हलली तर इमारत लवचीकपणे डोलावी, कोसळू नये. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली, असं सांगतात. समांतर रस्त्यांना व्यवसायांची नावं दिली: सोन्याचा, चांदीचा, चांभारांचा. रुआ आउगुश्टावर कुणी हळूच अमली पदार्थ विचारायला आलं तर "नांव", म्हणजे नको, म्हणून चालू पडा. तो माल बहुधा नकलीच असतो आणि माणसं मागे लागत नाहीत.

रस्त्याच्या टोकाला रोसियू, काळ्या-पांढऱ्या लाटांच्या फरसबंदीचा चौक. उत्तरेकडचं नाट्यगृह इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या वाड्याच्या जागी उभं आहे. गोव्यात १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन पोर्तुगालमध्ये १५३६ मध्ये सुरू झालं होतं. जवळच्या सांव दोमिंगुश चर्चमध्ये जरूर जा. १९५९ च्या आगीत जळालेले, तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. बाहेर १५०६ मध्ये इथे झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे.

शेवटचा चढ, सरकत्या जिन्याने

बायशातून शियादूच्या टेकडीवर जायला सांता जुश्ताची १९०२ मधली लोखंडी लिफ्ट आहे, ४५ मीटर उंच. बाहेरून सुंदर, पण रांगेत तास जातो. त्याऐवजी रुआ दु क्रूसिफिशूवरून बायशा-शियादू मेट्रो स्थानकात शिरा. तिथले लांबलचक सरकते जिने तुम्हाला थेट वर शियादूत सोडतात, तिकीट लागत नाही. वर बाहेर पडताच ब्राझिलेइरा कॅफेबाहेर कवी फेर्नांदू पेसोआचा बसलेला पुतळा, आणि पुढे १७३२ पासून चालणारं बेर्त्रांद पुस्तकांचं दुकान.

कार्मूचं चर्च पाच मिनिटांवर आहे. १७५५ मध्ये छप्पर पडलं, पुन्हा घातलं नाही. उघड्या आकाशाखाली उरलेल्या कमानींमधून फिरताना भूकंप पुस्तकातला राहत नाही. बाहेरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्याने बराकीला वेढा घातला आणि पंतप्रधान मार्सेलू काएतानू शरण आले, हुकूमशाही संपली. त्या क्रांतीनंतरच पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

त्यानंतर सांव रोक. बाहेरून इतकं साधं की लोक शेजारून निघून जातात. आत डावीकडचं संत जॉनचं चॅपेल रोममध्ये १७४० च्या दशकात बनवून, सुटं करून जहाजाने इथे आणलं, लॅपिस लाझुली आणि इतर मौल्यवान दगडांसकट. सॅक्रिस्टीत, म्हणजे पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीत, आंद्रे रेइनोझू याने सतराव्या शतकात रंगवलेली फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्याची चित्रमालिका आहे. लिस्बनहून १५४१ मध्ये निघालेल्या या माणसाचं शव जुन्या गोव्यात आपण पाहिलेलं असतं, त्याची इथली बाजू ही.

तिथून दोन मिनिटांवर सांव पेद्रू दि आल्कांतराची बाग. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोहोचा. पश्चिमेचं ऊन किल्ल्याच्या टेकडीवर पडलेलं असतं.

बेलेंला याच दिवशी जायचा हट्ट धरू नका. ते सहा किलोमीटर पश्चिमेला आहे, १५ नंबरच्या ट्रामने जावं लागतं आणि जेरोनिमुश मठात वास्को द गामाची खरी कबर बघायला अर्धा दिवस हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, मठ उघडायच्या आधी रांगेत उभे राहा, आणि तो दिवस सोमवार नाही ना, एवढं आधी पाहून घ्या.